स्वर्गाला भिणारा धाकू

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा डोंगरात पायवाटासुद्धा मोजक्याच होत्या, आणि एका गावची बातमी दुसऱ्या गावी पोचायला गुराख्याच्या पायांवर अवलंबून राहावं लागे. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. ही गोष्ट तुमच्यासाठी जास्त आहे.

एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव कसलं, ओढ्याच्या दोन्ही काठांना विखुरलेली घरं. राजधानी इतकी लांब, की राजा बदलला हे कळेपर्यंत एक पावसाळा उलटून जायचा. त्या गावाची श्रीमंती एकच, कड्यावरचा मध. आग्या माशा कड्याच्या पोटाला सुपाएवढी पोळी लावत. चैत्र आला की सगळ्या खोऱ्याला त्या मधाचा वास सुटे.

पण तो मध काढणं म्हणजे जिवाशी खेळ. एकाने कमरेला दोर बांधायचा, हातात धुरकट चूड घ्यायची आणि कड्यावरून खाली उतरायचं. दुसऱ्याने वर बसून दोर धरायचा. आता हा वरचा दोर कोणाच्या हाती द्यावा? त्याचा गावात जुना नियम होता. दोर मेव्हण्याने धरायचा, म्हणजे बायकोच्या भावाने. का, तर माणूस कोणाचंही वाईट करील, पण सख्ख्या बहिणीचं कपाळ पांढरं करणार नाही.

धाकू आणि नवशा अशीच जोडी होती. आधी दोघे दोस्त होते. पुढे नवशाने धाकूच्या धाकट्या बहिणीशी, चांगुणेशी लग्न केलं आणि दोस्ताचे मेव्हणे झाले.

काय दिवस होते ते! नवशा दोराला लोंबकळत खाली जायचा तो मोठमोठ्याने गात. आवाज असा, की माशा धुराने उठायच्या की गाण्याने, कोण जाणे. वरून धाकू ओरडायचा, "अरे, गप बस! हसून हसून दोर सुटेल हातातून." खालून उत्तर यायचं, "सुटू दे, मी माशांना सांगून ठेवलंय, त्या झेलतील मला!" संध्याकाळी दोघे मधाने बरबटून घरी यायचे. चांगुणा नाचणीची गरम भाकरी टाकायची, तिच्यावर पोळ्याचा तुकडा ठेवायची आणि म्हणायची, "आधी मिशा धुऊन या दोघं. मुंग्या लागतील रात्री."

गावात एक लहानसं दगडी देऊळ होतं. फार पूर्वी एक पाळकबाबा हातात काठी आणि मुखात प्रभू येशूची गोष्ट घेऊन त्या खोऱ्यात आले आणि तिथलेच झाले. लोकांनी त्यांची गोष्ट ऐकली. काहींनी नुसती ऐकली, काहींनी मनावर घेतली. कड्यावरच्या पोळ्यांचं मेण देवळात जायचं आणि नाताळला त्याच्याच मेणबत्त्या जळायच्या. घंटा झाली की चांगुणा डोईवर पदर घेऊन निघायची आणि तिच्यामागून नवशा. दोघांनी एकाच सकाळी ओढ्याच्या डोहात बाप्तिस्मा घेतला होता.

नवशा धाकूच्या मागे लागायचा. "तूही चल ना रे. पापं धुऊन निघतात, पुढं प्रभूच्या घरी जागा मिळते, आणखी काय पाहिजे?"

"पुढच्या वर्षी," धाकू म्हणायचा. "मला कुठं घाई आहे?"

"बरं, मी आधी गेलो तर दारातच बसेन तुझी वाट बघत."

"बस. पण गाऊ नकोस. बाहेर काढतील तुला."

दोघे खो खो हसायचे. तेव्हा त्यांना वाटायचं, चैत्र असेच येत राहणार.

गावात साळूमावशी नावाची एक विधवा होती. वाखाचे, म्हणजे पानांच्या चिवट धाग्यांचे, दोर वळण्यात तिचा हात धरणारं खोऱ्यात कोणी नव्हतं. वाख कुजवायची, झोडायची, पिळायची आणि शेवटी दोर अंगणातल्या झाडाला बांधून स्वतः त्याला लोंबकळून बघायची. नवशा दुसऱ्या कोणाचा दोर कमरेला बांधत नसे.

एका चैत्रात, उन्हं कलताना, नवशा नेहमीसारखा कड्यावरून उतरला. धाकू वर बसला होता. दोराचं टोक अंजनीच्या झाडाला बांधलेलं, मधला सैल दोर वेटोळं करून बाजूला, आणि नवशाचं सगळं वजन धाकूच्या दोन मुठींत.

अचानक वारा फिरला. धूर खोऱ्यात गेला आणि माशा कड्यावरून वर उसळल्या. काळा ढग यावा तशा त्या धाकूवर आल्या. तोंडाला, मानेला, पापण्यांना डसल्या. धाकूने दात आवळले. थोडा वेळ त्याने सोसलं, हे खरं. मग एक माशी डोळ्याच्या कोपऱ्यात शिरली आणि त्याचे दोन्ही हात आपोआप तोंडाकडे गेले.

दोर सळसळत निघून गेला. तो झाडापाशी ताणला जाण्याआधीच खाली खडक होता.

माशा निवळल्या तेव्हा धाकू कड्याच्या काठाशी सरपटत गेला. खाली नवशा पडला होता. हाक मारून उपयोग नाही, हे वरूनही कळत होतं. झाडाला बांधलेला दोर मात्र शाबूत होता, वाऱ्याने हलत होता.

इथवर जे झालं ते भीतीने झालं. पुढचं धाकूने जाणूनबुजून केलं. गावकरी धावत वर येताना त्याला ऐकू आले. दोर शाबूत दिसला तर सगळे एकच गोष्ट विचारतील, हात का सोडलेस, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने कमरेचा कोयता काढला, दोर तोडला, तोडलेली दोन्ही टोकं दगडावर घासघासून त्यांचे धागे सुटे केले आणि खालचा दोर सोडून दिला.

"दोर तुटला," तो आलेल्यांना म्हणाला. त्याचं सुजलेलं तोंड बघून लोकांना त्याचीच कीव आली.

नवशाला देवळामागच्या टेकाडावर पुरलं. पाळकबाबांनी सांगितलं की तो प्रभूपाशी आहे, सुखात आहे. सगळ्या गावाला त्याने धीर आला. एकट्या धाकूच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर साळूमावशीच्या दोराला गावात कोणी हात लावला नाही. तोंडावर कोणी तिला बोललं नाही, पण लोक दोर आणायला तीन डोंगर ओलांडून जाऊ लागले. मावशीने वाख सोडून दिला. ती शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधू लागली आणि वाटेने जाताना खाली बघून चालू लागली.

धाकूने लग्न केलं नाही. बहिणीचं शेत नांगरलं, तिचं छप्पर शाकारलं, तिच्या चुलीला लाकडं पुरवली. लोक आपल्या लेकींना सांगत, "भाऊ असावा तर धाकूसारखा." चांगुणा त्याला पहिला घास वाढायची. त्याच्या डोळ्यावर माशीच्या डंखाचा जो वण राहिला होता, त्याला कधीकधी हात लावून म्हणायची, "दादा, त्यांच्यासाठी किती सोसलंस रे तू!" धाकू भाकरी अर्धी टाकून उठायचा.

असे कितीतरी चैत्र गेले. धाकूचे केस पिकले. पाळकबाबा तर पार वाकले, पण त्यांची चौकशी चुकली नाही. एकदा ते शेताच्या बांधावर त्याच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "धाकू, अर्धं गाव डोहात उतरून आलं. तुझ्या बहिणीचे डोळे लागलेत तुझ्याकडं. तुला अडतंय काय? नरकाचं भय वाटत नाही का रे तुला?"

धाकूने गवताची काडी मोडून फेकली. मग म्हणाला, "नाही बाबा. मला स्वर्गाचं भय वाटतं."

"स्वर्गाचं?"

"तिथं आधी गेलेली माणसं भेटतात ना?"

"भेटतात. तीच तर आशा आहे आपली."

"तेच," धाकू म्हणाला, आणि नांगराकडे निघून गेला.

पाळकबाबांना काही उमगलं नाही. पण त्या दिवसापासून रोजच्या प्रार्थनेत ते धाकूचं नाव घेऊ लागले.

त्या गावात प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, सकाळच्या उन्हात, डोहावर बाप्तिस्मा होत असे. रीत साधी होती. पाण्यात उतरणाऱ्याने काठावर उभं राहून मनातलं ओझं सर्वांसमोर सांगायचं. मग आपलं एखादं माणूस त्याचा हात धरून त्याला पाण्यात न्यायचं, कारण डोहातले दगड शेवाळाने निसरडे होते.

त्या वर्षी उतरणाऱ्यांत साळूमावशी होती. इतकी वर्षं ती देवळाच्या उंबऱ्यापाशीच बसायची, पुढे येत नसे. आज पांढरं लुगडं नेसून ती काठावर उभी होती. धाकू गर्दीच्या मागे, करंजाच्या झाडाला टेकून उभा होता. चांगुणेने आग्रह केला म्हणून तो आला होता.

मावशीने आपले दोन्ही हात पुढे केले. हात म्हाताऱ्या झाडाच्या मुळांसारखे झाले होते.

"मला मोठं बोलता येत नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाऊकच आहे. या हातांनी दोर वळला होता. कुठंतरी पीळ कच्चा राहिला असणार. वाख नीट कुजला नसेल, किंवा माझंच ध्यान नसेल. मी लोंबकळून बघितला होता, पण नीट बघितला नसेल. त्या दोरापायी नवशा गेला. चांगुणे, तुझा संसार मी मोडला गं. तू एका शब्दानं मला बोलली नाहीस, ते मला जास्त लागायचं. प्रभूनं एवढं एक माफ करावं, म्हणजे मी मरायला मोकळी."

चांगुणा रडत पुढे झाली आणि तिने मावशीचे हात आपल्या हातांत घेतले. "मावशी, मी कधीच माफ केलं तुम्हाला. चला, मी धरते तुमचा हात."

दोघी पाण्याकडे वळल्या.

धाकूला वाटलं, पळून जावं. पाय गावाकडे वळलेही होते. पण आपलं पाप दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ती म्हातारी ते पाप आपलं म्हणून देवासमोर घेऊन चालली होती. उद्या ती शांत होईल, आणि हे खोटं आता देवाच्या दारातसुद्धा पक्कं होईल.

"थांबा!" तो ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

गर्दी दुभंगली. तो वाट काढत काठावर आला आणि मावशीच्या पायाशी बसला.

"मावशी, दोर तुटला नव्हता."

"काय म्हणालास?"

"तुमचा दोर तुटला नव्हता. तो शाबूत होता. मीच हात सोडले. माशा डसल्या आणि मी हात सोडले. मग मी कोयत्यानं दोर तोडला आणि दगडावर घासला. तुमचा पीळ पक्का होता, मावशी. शेवटपर्यंत पक्का होता."

चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मावशीचा हात तिने हळूच सोडला, पदर सावरला आणि गर्दीतून सरळ घराकडे चालू लागली. धाकू "चांगुणा!" म्हणाला, पण तिने मागे पाहिलं नाही.

मावशी मात्र जागची हलली नाही. ती आपल्या हातांकडे उलटसुलट बघत होती. मग तिचा चेहरा लालबुंद झाला आणि तिने तोंड सोडलं.

"मेल्या! मुडद्या! एवढी वर्षं! मी सणाला गोड खाल्लं नाही. पोरं माझ्या अंगणात झोपाळा बांधायला मागायची, मी दोर दिला नाही, म्हटलं पोर पडेल. आणि तू लोकांच्या तोंडून शाबासकी घेत हिंडलास! किडे पडोत तुझ्या..."

एवढं बोलून ती धापा टाकत थांबली. पाळकबाबा काठी टेकत तिच्याजवळ आले. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, माझं पाप तर माझं नव्हतंच. आता मी या गार पाण्यात उतरू कशाला?"

"नका उतरू, मावशी," बाबा म्हणाले. "मन दुसऱ्या कशाने जड वाटत नसेल, तर जा घरी."

मावशी दोन पावलं गेली. थांबली. वळून धाकूकडे तिने असं पाहिलं, की तो आणखी खाली वाकला. मग ती पुटपुटली, "जड कसं नाही. आत्ता या मेल्याला मी मनातल्या मनात कड्यावरून ढकलून आले. एकदा नव्हे." ती परत आली, लुगड्याचा ओचा खोचला आणि म्हणाली, "चला बाबा. आता खरंच धुवायला आहे काहीतरी."

आणि त्या सकाळी साळूमावशीचा बाप्तिस्मा झाला. वर आली तेव्हा ती रडत होती की हसत होती, ते कोणाला सांगता आलं नाही.

धाकूचं काय करायचं, ते ठरवायला पंच बसले. कोणी म्हणालं, गावातून घालवा. कोणी म्हणालं, राजाच्या शिपायांच्या हाती द्या. शेवटी ठरलं ते असं. धाकूने पुन्हा कोणाचाही दोर धरायचा नाही, आणि साळूमावशी जिवंत आहे तोवर तिचं सगळं काम करायचं. धाकूने मान खाली घालून ऐकलं. त्याला शिक्षा फार थोडी वाटली.

तो पाळकबाबांकडे गेला. "बाबा, आणखी काहीतरी भोगायला सांगा. भोगून संपलं की मी बाप्तिस्मा मागायला येतो."

"वेड्या," बाबा म्हणाले, "सगळं भोगून फेडणाऱ्याला क्षमा कशाला लागते? ती तर फेडता न येणाऱ्यासाठी असते."

"पण एवढं मोठं पाप, आणि एवढासा ओढा."

"ओढ्यात कुठलं आलंय तेवढं बळ? तुझ्यासाठी ज्याने वधस्तंभावर जीव दिला, त्याच्यात आहे. त्याने शब्द दिलाय, आणि तो शब्द आपण त्या पाण्यात अंगावर घेतो. तू म्हणशील तेव्हा मी तुला नेतो."

धाकू जायला उठला. मग म्हणाला, "माझा हात कोण धरील, बाबा?"

पाळकबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "कोणी नसलं तर मी धरीन." पण दोघांनाही माहीत होतं, धाकू कोणाच्या हाताबद्दल विचारतोय.

चांगुणेचं दार बंद होतं. धाकू पहिल्याच दिवशी गेला होता. आतून ती एवढंच म्हणाली, "दादा, जा. तुझं तोंड बघवत नाही मला." तो गेला. तिच्या दाराशी लाकडं ठेवून यायचा, तीही तिने शेजारणीला देऊन टाकली. पावसाळा आला, सरला. भात कापून झालं. नाताळच्या करंज्यांचा वास घराघरांतून आला, पण बहिणीच्या घरचा खाऊ त्या वर्षी धाकूकडे आला नाही.

नाताळ सरल्यावर एके दिवशी चांगुणा पाळकबाबांच्या अंगणात येऊन बसली. ती वाळून अर्धी झाली होती.

"बाबा, मला एक सांगा. वर त्यांना हे सगळं ठाऊक असेल?"

"नवशाला? मला वाटतं, तिथं काही लपून राहत नाही."

"मग त्यांनी दादाला माफ केलं असेल?"

बाबा म्हणाले, "मी त्याला देवळात ओळखत होतो. तू घरात ओळखायचीस. तूच सांग."

चांगुणा आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली. "लग्नाच्या पहिल्या साली दादाच्या हातून मधाची घागर फुटली. त्या फेरीचा सगळा मध गेला. घरी येऊन हे काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, माझा धक्का लागला. मी यांनाच रागावले. पुढं दादानं मला खरं सांगितलं, तेव्हा मी यांना विचारलं, का खोटं बोललात? तर म्हणाले, तुझा भाऊ आधीच रडवेला झाला होता, आणि मला तुझं रागावणं आवडतं." सांगता सांगता ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबा, त्या माणसानं पडता पडताच दादाला माफ केलं असणार. आणि मी इथं दार लावून बसलेय. त्यांच्या वतीनं रागावून बसलेय. त्यांनी तर मला सांगितलंच नव्हतं रागवायला."

"राग तुझा स्वतःचाही आहे, मुली. तुझा संसार गेला," बाबा म्हणाले.

"आहे ना. रोज आहे. पण तो घेऊन मी त्यांना भेटायला कुठल्या तोंडानं जाऊ? मग मलाही दादासारखं स्वर्गाचं भय वाटायला लागेल."

ती तिथून उठली ती तडक साळूमावशीच्या अंगणात गेली. धाकू वाख झोडत होता. मावशी पडवीत बसून त्याच्या चुका काढत होती. बहिणीला बघून त्याच्या हातातली मोगरी खाली पडली.

चांगुणा त्याच्यापासून थोडी लांबच उभी राहिली. "दादा, माझ्या मनातलं सगळं गेलं नाही अजून," ती म्हणाली. "कधीकधी परत येईल. तेव्हा मी बोलणार नाही तुझ्याशी, ते सोसावं लागेल. पण मी तुला माफ केलं. सणाला तयार राहा. मी धरते तुझा हात."

धाकू होता तिथेच वाखाच्या ढिगात बसला आणि लहान मुलासारखा रडला. पडवीतून मावशी म्हणाली, "वाख भिजवू नकोस, परत वाळवावा लागेल." पण तिचाही आवाज नीट नव्हता.

सणाची सकाळ उजाडली. डोहावर सारं गाव जमलं होतं. काठावर उभं राहून धाकूने आपलं पाप पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, वाऱ्याला दोष दिला नाही, माशांना दोष दिला नाही. मग चांगुणेने त्याचा हात धरला. पाणी थंडगार होतं, दगड निसरडे होते. एकदा त्याचा पाय सटकला, तेव्हा तिने घट्ट पकडलं आणि हळूच म्हणाली, "सांभाळून, दादा."

पाळकबाबांनी त्याला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्यात बुडवलं आणि वर उचललं.

धाकूने डोळे उघडले. कडा समोरच होता, उन्हात न्हालेला. इतकी वर्षं तो त्या कड्याकडे पाठ करून शेत नांगरत होता. आज त्याने मान वर करून तो टोकापर्यंत पाहिला. आणि नवशा त्याला आठवला, पण खडकावर पडलेला नव्हे. मिशांना मध लागलेला, भाकरीची वाट बघणारा नवशा आठवला. किती दिवसांनी!

पुढे धाकू बरीच वर्षं जगला. त्याने पुन्हा कोणाचा दोर धरला नाही, मागितलाही नाही. पण मावशीपाशी बसून तो दोर वळायला शिकला. मावशी गेल्यावर तिच्या हातचा पीळ गावात त्याच्यामुळेच राहिला. लोक पुन्हा त्या अंगणातून दोर नेऊ लागले. चांगुणेचा राग सांगितल्याप्रमाणे मधूनमधून परत यायचा. मग काही दिवस ती त्याच्याशी बोलायची नाही. तो सोसायचा. आणि एखाद्या संध्याकाळी ती पुन्हा त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवायची.

शेवटी एका सकाळी धाकूला उठवेना. चांगुणा त्याच्या उशाशी बसली. त्याचा श्वास मंद झाला होता, पण तोंडावर भय नव्हतं.

"दादा, भीती वाटते का रे?"

"नाही गं. थोडी लाज वाटते. पण ओढ जास्त वाटते." जरा वेळाने त्याने विचारलं, "चांगुणा, गेल्यावर त्याला पहिलं काय बोलू?"

"काहीच बोलू नकोस," ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. "ते कोणाला बोलू देतात का कधी? त्यांचंच ऐकावं लागेल तुला."

धाकू हसला. ते हसू ओठांवर असतानाच तो गेला.

म्हणून जुनी माणसं सांगत आली आहेत: पाप झाकून ठेवलं तर स्वर्गाचंसुद्धा भय वाटतं, आणि कबूल करून प्रभूच्या हाती दिलं तर तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाची ओढ लागते.